मळ्यात फिरायचे तर झरीपासून सुरुवात करा

महोदय,

सुट्ट्या लागल्या की पुणे, कोल्हापूर, बेळगावहून पणजीत येणाऱ्यांसाठी ‘अर्ध्या तासात फोंताइन्हास’ अशा याद्या फिरू लागतात. फोंताइन्हास म्हणजे आमचा मळा, पणजीतली जुन्या रंगीत घरांची वस्ती. एक पिवळी भिंत, एक निळी भिंत, कोंबड्यांच्या पुतळ्यांची विहीर आणि जेवायला एक नाव. मंडळी भर दुपारी बाराला येतात, उन्हात घामाघूम होतात, कपेलचे (छोट्या चर्चचे) दार बंद असते आणि ‘काही विशेष नाही’ म्हणत कळंगुटला जातात. चूक भागाची नाही, वेळेची आणि क्रमाची आहे. म्हणून हे पत्र.

गाडी आत आणू नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि समोरून एखादी गाडी आली की कोणीतरी मागे गेल्याशिवाय सुटका नसते. खाडीपलीकडच्या पाटो भागात गाडी ठेवावी, कदंब बसस्थानकावर उतरणाऱ्यांना तर प्रश्नच नाही. ओरें खाडीवरच्या पादचारी पुलावरून पलीकडे आले की सगळे जण सरळ रंगीत घरांकडे धावतात. त्याऐवजी डावीकडे, दक्षिणेला वळावे आणि आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची फोंत फिनिक्स ही झरी आधी पाहावी. पोर्तुगीजमध्ये फोंताइन्हा म्हणजे लहान झरा, आणि वस्तीला नाव पडले ते यावरून. जुने पणजीकर अजून ‘मळा’च म्हणतात. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, हे इथे उभे राहिल्यावरच लक्षात येते. गल्ल्या उत्तर-दक्षिण का धावतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पायऱ्या चढून मारुतीचे देऊळ जरूर करावे. फोंताइन्हासला ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणणाऱ्या याद्यांत ते बहुधा नसते, पण या भागाची मोठी जत्रा मारुतीचीच, साधारण फेब्रुवारीच्या सुमारास. तेव्हा येणार असाल तर गर्दी आणि खाजे, दोन्हींची तयारी ठेवा.

खाली उतरून सेंट सेबॅस्टियनच्या कपेलकडे यावे. आतला क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. 1812 मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात, म्हणजे जुन्या सचिवालयात आला आणि 1918 मध्ये इथे. ख्रिस्ताची मान सहसा झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात, इथे मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. हे पाहायचे तर सकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास यावे, एरवी कपेल बहुतेक बंदच असते. प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीत असावा, हे लिहावे लागते याचेच आश्चर्य वाटते.

याद्यांतल्या दोन चुका इथेच दुरुस्त करू. मुख्य रस्ता ‘31 जानेवारी’. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला, त्या दिवसाचे हे नाव, असे सर्रास छापले जाते. तो दिवस 1 डिसेंबर होता. 31 जानेवारी ही 1891 च्या पोर्तू शहरातल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची तारीख. दुसरी चूक ‘युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले फोंताइन्हास’ ही. 1986 मध्ये त्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. मळा त्यात नाही. नसल्याने त्याचे काही अडलेले नाही.

घरे पाहताना रंगापेक्षा भिंत पाहा. आत चिरे (जांभा दगड), वर चुन्याचा गिलावा, त्यावर पिवळा, निळा किंवा तांबडा रंग आणि दारे-खिडक्यांभोवती पांढरी किनार. चिरा पाणी पितो, आणि ते परत बाहेर जाऊ देण्याचे काम चुना करतो. त्यावर सिमेंट थापून प्लास्टिकसारखा रंग मारला की ओल आत कोंडते, आणि एकदोन पावसाळ्यांतच पापुद्रे सुटतात. खालच्या हातभर उंचीत फुगलेला, सुटलेला रंग दिसला तर कारण बहुधा हेच असते. नुसता चुना असेल तर रंग विटतो, पण सोलत नाही. काही जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने आहेत. त्यातून उजेड येतो, ऊन येत नाही. ती सकाळी आठ ते साडेनऊच्या तिरप्या उन्हात उत्तम दिसतात. मात्र बलकांवाच्या (दारापुढच्या ओट्याच्या) पायऱ्या हा घराचा भाग आहे, बाकडे नव्हे. ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत त्या दिवसभर दारात चाललेल्या लग्नाआधीच्या फोटोंमुळे.

31 जानेवारी रस्त्याने उत्तरेला गेले की साव तोमेचा चौक. तिथले पोस्ट ऑफिस पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची इमारत होते आणि समोरची वास्तू ही टांकसाळ, 1834 ते 1841 या काळातली. याद्यांत हा चौक नसतो, म्हणून शांत असतो.

आता खाणे. इथे घड्याळ पाळावेच लागते. पाव पदेराकडे (पाववाल्याकडे) सकाळी आणि संध्याकाळी ताजा मिळतो, सायकलच्या भोंग्याचा पों-पों ऐकला की थांबवायचे. कोंड्याची, आतून पोकळ ती पोई. गोल, कडक कवचाचा उंडो. पोई अर्ध्या दिवसात चामट होते, म्हणून दुपारी घेऊन संध्याकाळसाठी ठेवू नये. न्याहारीला चर्चच्या बाजूला, शहरात जावे. कॅफे भोसले किंवा कॅफे तातोमध्ये पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव. ‘मिक्स’ म्हटले की दोन्ही एकत्र येतात.

दुपारचे जेवण साडेबाराच्या आत बसून घ्यावे. तीननंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि गल्लीही झोपते. रविवारी अनेक दारे बंद असतात. 31 जानेवारीच्या आतल्या गल्लीतल्या व्हिवा पणजीसारख्या ठिकाणी गोव्याचे ख्रिस्ती जेवण मिळते. पण काय मागवायचे ते माहीत हवे. विंदालूत ‘आलू’ नसतो. ते नाव वाइन आणि लसूण या पोर्तुगीज शब्दांवरून आले, आणि इथे वाइनची जागा माडाच्या विनेगारने घेतली. बटाटे घातलेले दिसले तर ते पर्यटकांसाठी. काफ्रियाल हे कोंबडीचे, हिरवे असते: कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसूण. शाकुतीचा जीव भाजलेल्या खोबऱ्यात आणि खसखशीत. खोबरे जास्त भाजले की रस्सा कडवटतो आणि तो कडवटपणा मग कशानेच जात नाही. चुरीस पावात चुरीस तव्यावर स्वतःच्या चरबीत, कांद्याबरोबर शिजलेली असावी. डुकराचे मांस असते, हे न विचारता मागवणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. शाकाहाऱ्यांनी अळंब्यांची शाकुती विचारावी.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजा इसवण’ (सुरमई) हे शब्द ऐकून फार खूष होऊ नये. तिसऱ्या (शिंपले) किंवा खाडीतली मासळी मागावी.

बेबिंका इथेच घ्यावी, पण पारखून. अंड्यातील पिवळे बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप. एकेक थर ओतून वरून आच द्यायची, तो तपकिरी झाला की तूप लावून पुढचा. घाई केली की थर एकमेकांत मुरतात आणि मधे कच्चे राहतात. कापलेल्या बाजूला गडद-फिकट रेषा सरळ दिसल्या पाहिजेत. थर बोटाने सुटा होत असेल तर भाजणी जमली. 31 जानेवारीवरच्या जुन्या कन्फेइतारियात (बेकरीत) दोदोल हा नारळ-गुळाचा गोड पदार्थही मिळतो. तो पिशवीत उन्हात नेऊ नये, खोबऱ्याचे तेल सुटते.

संध्याकाळी सहा-सातनंतर शहरात रस ऑम्लेटचे गाडे लागतात. ऑम्लेटवर शाकुतीचा रस, वर कांदा, सोबत पाव. रस संपला की गाडा संपला.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी एक: जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की गटाराचे पाणी खाडीत उतरत नाही, उलट मळ्याच्या रस्त्यांवर पसरते. तेव्हा वर्तमानपत्रातली भरतीची वेळ पाहून बाहेर पडावे आणि ती दोन तास टाळावी. ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरते.

आपले,
मळा, पणजी येथील काही रहिवासी