घरगुती बॉडी स्प्रे : थेंब नकोत, ग्रॅम छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या उन्हाळी पुरवणीत घरगुती बॉडी स्प्रेची कृती आली आहे : उकळून गार केलेले पाणी, गुलाबपाणी, सुगंधी तेलाचे वीस थेंब आणि शेवटी 'हलवून वापरा, वर्षभर टिकतो' हा शेरा. याच पद्धतीने मी एकदा वाळ्याचा स्प्रे केला होता. पहिल्याच दिवशी तेलाचे तपकिरी ठिपके काचेला चिकटले आणि तीन आठवड्यांनी बाटली उजेडाकडे धरली, तर तळाशी कापसाच्या तंतूंसारखे काहीतरी तरंगत होते.

तेल पाण्यात विरघळत नाही. हलवल्याने ते क्षणभर विखुरते इतकेच, आणि मग एखाद्या फवाऱ्यात नुसते पाणी तर एखाद्यात जवळजवळ निव्वळ तेल येऊन मान चुरचुरते. नितळ स्प्रे हवा असेल, तर पॉलिसॉर्बेट २० हे तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य लागते. १०० ग्रॅमच्या बाटलीला अर्धा ग्रॅम सुगंधी तेल घेतले, तर त्याच्या चौपट, म्हणजे २ ग्रॅम पॉलिसॉर्बेटपासून सुरुवात करावी. वाळ्यासारख्या दाट तेलाला त्याहून जास्त लागू शकते. दोन्ही आधी एकजीव करून मगच त्यात डिस्टिल्ड वॉटर थोडे थोडे घालावे. तेल थेट पाण्यात ओतले, तर पॉलिसॉर्बेट मागाहून कितीही घातले तरी गढूळपणा सहसा जात नाही.

मात्र नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, आणि पुरवणीतील कृतीचा खरा दोष इथेच आहे. उकळल्याने त्या वेळचे बहुतेक जंतू मरतात. नंतर हातातून, बाटलीतून, गुलाबपाण्यातून येणाऱ्यांना कोण अडवणार? 'ई' जीवनसत्त्वाची कॅप्सूल तेलाला खवट होण्यापासून वाचवते, पाण्यातल्या जंतूंना मात्र ती अडवत नाही. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालावेच लागते. फेनॉक्सीइथेनॉल सर्रास वापरले जाते, युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. बुरशीपुढे ते एकटे थोडे कमी पडते, म्हणून त्याला बळ देणाऱ्या इथाइलहेक्सिलग्लिसरीनसोबतचे तयार मिश्रण घ्यावे आणि १०० ग्रॅमला १ ग्रॅमच्या आत ठेवून तेही पॉलिसॉर्बेटमध्येच कालवावे. सोडियम बेंझोएट वापरायचे, तर सायट्रिक आम्लाने सामू (पीएच) ५ च्या खाली आणावा लागतो, एरवी ते जवळपास निरुपयोगी ठरते. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' ही पाण्याच्या स्प्रेची जाहिरात मला तरी इशाराच वाटते.

हे सारे घरच्या वापरापुरते झाले. विकायचे असेल, तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार उत्पादन परवाना लागतो, याचाही उल्लेख त्या लेखात हवा होता.

पुढच्या वेळी कृती थेंबांऐवजी ग्रॅममध्ये छापावी, ही विनंती. वाळ्याचे तेल ड्रॉपरमधून मधासारखे संथ उतरते, संत्र्याचे मात्र भराभर गळते. अशा वीस थेंबांचे वजन प्रत्येक घरात वेगळे भरणार.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक