दिव्यांगांना नकार द्यायचा तर तो लेखी आणि कारणासह द्या

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

सीमाभागातील दिव्यांगांविषयी वृत्तपत्रांत ज्या बातम्या येतात त्या बहुधा शिबिराच्या, तीनचाकी सायकलींच्या वाटपाच्या किंवा पेन्शन थकल्याच्या असतात. ज्यांचा अर्ज नामंजूर झाला त्यांचे पुढे काय झाले, याची दखल सहसा कोणी घेत नाही. निवृत्तीनंतर गावातल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक चालत आले आहे आणि त्यातून माझे असे मत बनले आहे की, अर्ज फेटाळला जाण्यापेक्षा तो फेटाळल्याचा कागद हाती न पडणे हे जास्त नुकसानीचे ठरते. अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. परंतु अपील कशाविरुद्ध करायचे, ते दाखवणारा आदेशच नसेल तर त्या हक्काचा काडीचाही उपयोग होत नाही.

आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची हमखास गल्लत होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या केंद्रीय कायद्याखाली वैद्यकीय अधिकारी देतात. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरलेले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. मासिक पेन्शन, ज्याला खेड्यात सरळ ‘पगार’ म्हणतात, ती कर्नाटक राज्याच्या महसूल खात्याकडून मिळते. तिचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या स्थानिक महसूल कार्यालयात, द्यावा लागतो आणि मंजुरी तहसीलदारांची असते. पहिल्या ठिकाणी अडले तर अपील कलम ५९ खाली राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाते, दुसऱ्या ठिकाणी अडले तर प्रांताधिकाऱ्यांकडे. लोक मात्र टक्केवारीची तक्रार घेऊन तहसीलदारांसमोर उभे राहतात आणि उत्पन्नाच्या दाखल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात जातात. दोन्हीकडून त्यांना परतवले जाते, आणि परतवणाऱ्याचे तांत्रिकदृष्ट्या काही चुकलेलेही नसते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीतल्या एका शेतमजुराचे उदाहरण सांगतो. कडबाकुट्टीत सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. तपासणीसाठी तो एका सरकारी दवाखान्यात गेला, तेव्हा ‘हे बसत नाही’ एवढेच सांगून त्याला घरी पाठवण्यात आले. त्याने मला दाखवला तो केसपेपर मी उलटसुलट करून पाहिला. मागच्या बाजूला पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता. त्याखाली सही नव्हती, शिक्का नव्हता, तारीखही नव्हती. तो आकडा ४० च्या आतला होता, म्हणजे त्या माणसाच्या हक्काचा निकाल त्या पेन्सिलीनेच लावला होता. या केंद्रीय कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत अर्जदार अपात्र ठरल्यास त्याला कारणे लेखी कळवावीत असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्यासाठी नियमांना एक वेगळा नमुनाही जोडलेला आहे. तो नमुना भरून मिळालेला अर्जदार माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता प्रमाणपत्राचा अर्ज युडीआयडीच्या पोर्टलवरूनच करावा लागत असल्याने नकाराची नोंद तिथे राहते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण अर्ज भरताना ज्याच्याकडे मोबाईल नसतो किंवा ज्याला ओटीपी सांगता येत नाही, त्याच्या जागी कॉम्प्युटरवाला स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो, आणि पुढचे सगळे संदेश त्याच्याच फोनवर येऊन पडतात. महिन्याभराने अर्जदार चौकशीला गेला तर त्याला ‘रिजेक्ट झालंय’ हे दोन शब्द ऐकायला मिळतात. म्हणून अर्ज भरताना नंबर घरातल्याच कोणाचा तरी द्यावा आणि पोचपावती छापून घ्यावी, एवढे मी प्रत्येकाला बजावतो.

सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे अधिकाऱ्यांचे लक्ष जाणे आवश्यक आहे. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, त्यामुळे अपघात झाला, पक्षाघात झाला की गाडी कोल्हापूरकडे वळते. (उलट चंदगडकडची मंडळी उपचाराला बेळगावात येतात, आजारी माणूस नकाशा बघून दवाखाना निवडत नाही.) पुढे प्रमाणपत्राची वेळ आली की कोल्हापूरचे कागद पाहून ‘हे दुसऱ्या राज्याचे आहेत’ असे ऐकवले जाते. वास्तविक कलम ५८ नुसार दिलेले प्रमाणपत्र देशभर वैध असते. आणि २०१७ च्या नियमांनी राहत्या जिल्ह्याबरोबरच, जिथे त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत अशा सरकारी रुग्णालयाकडेही प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. पेन्शन कर्नाटकाची असल्याने रहिवासाचा पुरावा कर्नाटकातलाच लागणार, याबद्दल वाद नाही. परंतु रहिवास आणि प्रमाणपत्र हे दोन मुद्दे एकत्र करून वैध प्रमाणपत्र बाजूला सारणे कायद्यात बसत नाही. अशा वेळी अर्जदाराने भांडत न बसता ‘प्रमाणपत्र का चालत नाही ते लिहून द्या’ अशी मागणी करावी. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा तो आक्षेप आपोआप मागे पडतो.

पेन्शनच्या अर्जांत कारणे वेगळी असतात. त्यातले वारंवार आढळणारे कारण म्हणजे नावातला फरक: शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नड आणि इंग्रजीत, बँकेचे पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगचे. अशा त्रुटी अफिडेव्हिट देऊन दुरुस्त होतात, त्यासाठी अपिलाची गरज नसते. मात्र त्रुटी कोणती ते कळायला हवे. इथे सरकारी सेवा ठरावीक मुदतीत देण्याची हमी देणाऱ्या कर्नाटकाच्या सकाल कायद्याचा चांगला उपयोग होतो. २०११ साली मंजूर झालेल्या या कायद्याखाली अर्जाला १५ अंकी क्रमांक मिळतो, सेवेची मुदत ठरलेली असते आणि अर्ज नाकारला किंवा मुदतीत निकाली काढला नाही तर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. दिरंगाईबद्दल दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूदही आहे. रक्कम किरकोळ आहे हे खरे, पण आपल्या नावावर दिरंगाईची नोंद होणे कर्मचाऱ्यांना आवडत नाही, हा माझा अनुभव आहे. ज्याच्या हाती तो क्रमांक नाही त्याचा अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो, म्हणून तो मागून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो काढला की चर्चा सीमाप्रश्नाकडे वळते आणि दिव्यांग माणूस मागे राहतो. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत अपिलाची मुदत थांबत नाही. मला इतकेच म्हणायचे आहे की, संविधानाच्या कलम ३५० नुसार आपल्या तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या नियमांचा सारांश त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावा, हेही फार पूर्वी मान्य झालेले आहे. आदेश कन्नडमध्ये असावा, त्याला माझी हरकत नाही. त्याच कागदाखाली ‘या निर्णयाविरुद्ध अमुक अधिकाऱ्याकडे अमुक तारखेपर्यंत अपील करता येईल’ हे एक वाक्य मराठीतही छापले, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

अपील लिहिताना लोक गरिबीचे वर्णन फार करतात आणि वैद्यकीय मुद्दा दोन ओळींत उरकतात. अपील अधिकाऱ्याला पुनर्तपासणीचे कारण दिसावे लागते: कोणता अवयव, कोणती हालचाल होत नाही, कोणता अहवाल पहिल्या तपासणीत पाहिला गेला नाही. त्या शेतमजुराच्या बाबतीत उजव्या हाताची पकड मोजली होती की नुसती बोटे मोजली होती, हा खरा प्रश्न होता, आणि नकार तोंडी असल्यामुळे त्याचे उत्तर कुठेच नव्हते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. याखेरीज दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीच्या कामात त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले आहेत. त्यांना शिबिरांच्या याद्या करण्यापलीकडे, नामंजूर अर्जांची नोंदवही ठेवण्याचे आणि अपील भरून देण्याचे काम जिल्हा प्रशासनाने सोपवावे, अशी माझी सूचना आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. बेळगाव जिल्ह्यासाठी कलम ५९ खालचे अपील प्राधिकारी सध्या कोण आहेत, त्यांचे कार्यालय कुठे आहे आणि अपिलाची मुदत किती आहे, ही माहिती जिल्हा प्रशासनाकडून अधिकृतपणे घेऊन ती ठळक चौकटीत छापावी. तसे कात्रण ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची जबाबदारी आमच्यासारखे लोक घेतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव