वाकलेली प्रत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज संध्याकाळी हात खळीने इतके बरबटलेले असत की पेन धरायची सोय नव्हती. शिव्या घातल्या असशील तर त्या पोचल्या.

माझ्या हाताने बांधलेल्या नव्या पुस्तकाबद्दल 'बारा प्रतींसाठी आठ महिने? आणि वाचायला काहीच नाही?' असं विचारलंयस. आहे रे वाचायला. बाबांच्या सह्या आहेत. जुन्या पासबुकांपासून शेवटच्या वर्षातल्या फॉर्मांपर्यंत जमवल्या आणि त्यातल्या सोळा निवडल्या. उजव्या पानावर सही, डावं पान कोरं. कागद इतका पातळ की पुढची सही आधीच अंधुक दिसू लागते. पहिल्या सहीतला तो ऐटबाज फराटा तुला आठवत असेलच, माझ्या प्रगतिपुस्तकावर त्याचीच नक्कल तू करून द्यायचास. पुढे फराटा आखडतो, मग आडनाव गळतं. शेवटच्या सहीत पेन दोनदा उचललेलं दिसतं.

सोळा चौकटी भिंतीवर टांगता आल्या असत्या, पण तिथे शेवट पहिल्याच नजरेत दिसतो. पुस्तकात पान उलटावं लागतं. पुढचं धूसर दिसत असताना कोणी बोट थांबवतो, कोणी भरभर जातो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता घोळ ऐक. बत्तीस पानं म्हणजे आठ-आठ पानांचे चार फर्मे. आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने ते शिवले, इथवर झकास जमलं. मग पुठ्ठ्यावर घसरलो. यंत्रावरच्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. ओल लागली की कागद तंतूंच्या दिशेने फारसा वाढत नाही, आडवा मात्र फुगतो आणि वाळताना आकसतो. म्हणून पानं, पुठ्ठा, आतून चिकटवायचा कागद, सगळ्यांचा ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा. ओळखणं सोपं आहे : छोटा तुकडा एका बाजूने ओला करायचा, तो नळीसारखा वळतो, नळीची लांबी ती ग्रेनची दिशा. वीस वर्षं शिकणाऱ्यांना हेच सांगतोय आणि या वेळी स्वतः पाहिलं नाही. उरलेल्या पुठ्ठ्यातून कापले, चिकटवले, रात्रभर वजनाखाली ठेवले. वजन काढल्यावर दोन दिवसांत सात प्रतींची कव्हरं पन्हाळीसारखी वळली.

कोपऱ्यात जाऊन बसलो. अशा वेळी कॉब्डेन-सँडरसन आठवतो. पेशाने वकील, चाळिशी उलटल्यावर बाइंडिंग शिकला. 1900 साली एमरी वॉकर या मुद्रकाबरोबर लंडनमध्ये डव्ह्ज प्रेस काढली आणि स्वतःचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, घडवून घेतले. पुढे दोघांचं बिनसलं. करार असा होता की कॉब्डेन-सँडरसनच्या मृत्यूनंतर खिळे वॉकरकडे जायचे. पण या अक्षरांनी दुसऱ्या कोणी काही छापावं, हेच त्याला सोसेना. 1916 च्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत हा पंचाहत्तरीतला माणूस रात्री पुलावर जाऊन खिळे थेम्स नदीत टाकत राहिला. एकूण टनभराहून जास्त शिसं! 2014 मध्ये पाणबुड्यांनी त्यातले दीडशेच्या आसपास वर काढले. तरुणपणी मला हे फार भव्य वाटायचं. आता वाटतं, अर्धा ऐवज वॉकरचा होता.

त्यापेक्षा इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक बरा. मजकूर आणि चित्रं एकाच तांब्याच्या पत्र्यावर, अक्षरं उलटी लिहायची, भोवतालचा धातू आम्लाने खायचा आणि वर राहिलेल्या रेषांचा छाप घ्यायचा. मग तो आणि बायको कॅथरीन मिळून प्रती हाताने रंगवत. एकीसारखी दुसरी प्रत नाही, आणि त्याबद्दल कोणाला खंत नव्हती.

नदीपर्यंत जायची माझी हिंमत नाही. सातपैकी सहा प्रतींचे पुठ्ठे उकलून नवे चढवतोय. मागच्या प्रदर्शनात माझं पुस्तक काचेच्या पेटीत ठेवलं होतं, मधलं एक पान उघडून, महिनाभर तेच. लोक वाकून बघत आणि पुढे जात. पान उलटून बघायची विनंती केली तर माझ्याच पुस्तकासाठी मला हातमोजे दिले. अजून डोकं फिरतं.

म्हणून सातवी प्रत वाकलेलीच तुझ्याकडे पाठवतोय. मोजे घालू नकोस. मांडीवर घे, कव्हर उघडं राहिलं तर अंगठ्याने दाब. नवव्या पानावरची सही नीट बघ. कागद माझ्या प्रगतिपुस्तकातला आहे, आणि ती बाबांची की तुझी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं काय ते कळव.

तुझा,
पुस्तक्या