‘युरोप सिम’ स्वित्झर्लंडमध्ये चालतं का, हे आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी सहलीला निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. कपडे, औषधं, विमा याबद्दल त्यात जे लिहिलंय ते योग्यच आहे. पण ‘टॅबमध्ये युरोपचं एक सिम टाका, सगळीकडे नेट चालेल, काळजी नको’ हे वाक्य दुरुस्त व्हायला हवं. उन्हाळी सहलींची बुकिंगं सध्या सुरू आहेत, आणि आपल्याकडच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंड नाही असं क्वचितच होतं. स्वित्झर्लंडचंच तर सगळं दुखणं आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे स्टुटगार्टला गेलो होतो. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. फोनवरची अक्षरं त्यांना दिसतच नाहीत. दहा इंची टॅबवर दोन बोटांनी मोठं केलं की वाचता येतं, म्हणून नकाशा, गाड्यांच्या वेळा, गोळ्यांची यादी सगळं त्या टॅबमध्ये. मुलानं त्याच्या जर्मन कंपनीच्या करारातलं दुसरं सिम त्यात घालून दिलं. पहिल्या आठवड्यात आम्ही फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाऊन आलो. तिथं नेट चालण्यासाठी सेटिंगमध्ये रोमिंग चालू करावं लागलं. ते केलं, आणि एक सेंटही जादा लागला नाही. मग साल्झबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रिया. तिथंही काही नाही. दोन देश झाले, मन निवांत झालं.

तिसऱ्या आठवड्यात झुरिकला निघालो. स्टुटगार्टहून थेट गाडी आहे, तीनेक तासांची. सिंगेन हे जर्मनीतलं शेवटचं मोठं स्टेशन, त्यानंतर थोड्याच वेळात शाफहाउझेन, म्हणजे स्वित्झर्लंड. मध्ये ना फाटक ना तपासणी. व्हिसा तोच, शेंगेनचा. पासपोर्ट कुणी मागितला नाही. हे खिडकीशी बसले होते, ऱ्हाइनचा धबधबा कधी दिसतो म्हणून. टॅब माझ्या मांडीवर होता. सिंगेन सोडल्यावर त्यावर एक संदेश आला, चार ओळींचा, जर्मनमध्ये. ‘श्वाइत्स’, म्हणजे स्वित्झर्लंड, एवढा एकच शब्द मला लागला. मला वाटलं, स्वागताचा असेल. थोड्या वेळानं दुसरा आला, त्यात 80 हा आकडा होता. तोही मला कळला नाही. टॅब मात्र गरम लागत होता. मी तो मांडीवरून उचलून समोरच्या पाटावर ठेवला, एवढंच केलं.

झुरिकच्या स्टेशनवर उतरलो आणि नकाशा उघडेना. नेट बंद. लुझर्नची गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, सगळं त्या टॅबमध्ये. ह्यांचा हात धरून मी त्या एवढ्या मोठ्या स्टेशनात उभी होते. शेवटी भिंतीवरचा पिवळा कागद दिसला. तिथल्या स्टेशनांवर सुटणाऱ्या गाड्यांचं छापील वेळापत्रक पिवळ्या कागदावर असतं. हे मला मुलानं सहज बोलता बोलता सांगितलं होतं, तेच त्या दिवशी उपयोगी पडलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. साल्झबुर्गच्या किल्ल्यावर काढलेले शंभरावर फोटो आणि वीसेक व्हिडिओ टॅब गाडीत आपणहून नेटवर चढवत होता. घरी भरपूर डेटा होता म्हणून ‘मोबाइल डेटावरही बॅकअप चालू दे’ यावर मीच खूण केली होती. आणि स्ट्रासबुर्गसाठी चालू केलेलं रोमिंग तसंच होतं. ते बटण एकच असतं. फ्रान्स फुकट आणि स्वित्झर्लंड पैशाचं, हा फरक त्या बटणाला कळत नाही. बिलात 59 युरो 50 सेंट लागले, म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार रुपये. गाडीत बसल्या जागी, कुणाशी एक शब्द न बोलता.

याचं कारण मुलानं नंतर नीट समजावलं, तेच पुरवणीत छापलं जावं असं मला वाटतं. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचे जादा पैसे घेत नाहीत, आणि 2022 मध्ये हा नियम 2032 पर्यंत वाढवला. संघाचे 27 देश, शिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन, म्हणजे युरोपीय आर्थिक क्षेत्रातले देश, यांना तो लागू आहे. स्वित्झर्लंडनं 1992 च्या डिसेंबरात मतदान घेऊन त्या आर्थिक क्षेत्रात जायचं नाही असं ठरवलं, म्हणून तो देश यात नाही. शेजारचं इवलंसं लिख्टेनश्टाइन आहे, स्वित्झर्लंड नाही! ब्रिटनही आता बाहेर आहे, तेव्हा लंडन धरून सहल करणाऱ्यांनीही बघायला हवं. काही कंपन्या स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आपल्या पॅकमध्ये आपणहून धरतात, काही धरत नाहीत. म्हणून ‘युरोप’ हा शब्द पाकिटावर वाचून भागत नाही, देशांची यादी वाचावी लागते.

आमचं नुकसान साठ युरोंच्या आत थांबलं, तेही त्याच युरोपीय नियमामुळे. 50 युरो अधिक तिथला कर एवढ्यावर डेटा आपोआप तोडायचा, आणि त्याच्या 80 टक्क्यांना आधी कळवायचं, असं तिथल्या कंपन्यांवर बंधन आहे. ही मर्यादा ग्राहकानं मागावी लागत नाही. नको असेल तर नको म्हणून कळवावं लागतं.

मी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 1979 ला लागले, ट्रंक बोर्डावर. कॉर्ड लावायची, मुंबईची लाइन जोडायची, तिकिटावर वेळ लिहायची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलावंच लागे, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?’ समोरचा माणूस लेकीशी बोलत असो नाहीतर दवाखान्यातून निरोप देत असो. पुष्कळदा माणसं चिडत. पण त्यांच्याच भाषेत, त्यांच्या कानात, पैसे वाढायच्या आधी आम्ही विचारत होतो. त्या गाडीत मलाही कुणीतरी विचारलं होतं, पण जर्मनमध्ये, आणि टॅबच्या वरच्या कोपऱ्यात. टॅबवर संदेश येतील म्हणून कोण बघत बसतं? आपण तिथं नकाशा बघतो, नातवाचा व्हिडिओ बघतो.

ही भाषेची गोष्ट फक्त जर्मनांची नाही. आमच्या फोनमधलं सिम भारतातलं होतं. परदेशात उतरल्यावर त्यावर आलेले दराचे संदेश मला प्रत्येक वेळी इंग्रजीतच आले. माझ्यासारखीला ते जमतं, पण माझ्या जावेला जमणार नाही, आणि तीही पुढच्या वर्षी लेकीकडे निघाली आहे. भारतीय कंपन्यांनी हा एक संदेश तरी ग्राहकाच्या भाषेत द्यावा आणि ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, त्याकडे लक्ष घालावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लेखातल्या आणखी दोन गोष्टींबद्दल राहवत नाही म्हणून लिहिते. ‘नकाशा आधी डाउनलोड करा, मग कुठलाही टॅब चालेल’ असं त्यात आहे. डाउनलोड जरूर करा, मग तो बघायला डेटा लागत नाही. पण सिमची सोय नसलेल्या, नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. रस्त्यावर नेट नसेल तर आपण कुठे उभे आहोत हे तो नकाशा दाखवणारच नाही. दुसरी गोष्ट ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता कोड स्कॅन करून घ्यायच्या सिमची. त्याचा क्यूआर कोड मेलवर येतो, मेल टॅबवरच उघडते, मग तो कोड स्कॅन कशानं करायचा? निघण्याआधी गावात कागदावर छापून घ्यावा. प्रवासी ई-सिमला बहुधा फोन नंबर नसतो, त्यामुळे बँकेचा ओटीपी त्यावर येणार नाही. तो येतो फोनमधल्या भारतीय सिमवर, म्हणून ते सिम काढून ठेवू नये, फक्त त्याचा डेटा बंद ठेवावा. आणि क्रूझवर किंवा रात्रीच्या बोटीवर असाल तर टॅब विमान मोडवरच राहू द्या. समुद्रात जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, ते महाग असतं आणि बहुतेक पॅकमध्ये धरलेलं नसतं.

सहल कंपन्या बॅग, टोपी आणि सिमचं पाकीट हातात देतात. त्या पाकिटावर मराठीत, ठसठशीत अक्षरांत, कुठले देश आहेत आणि कुठले नाहीत हे छापायला त्यांना काय लागतं? छापणार नसतील तर बुकिंगच्या वेळी आपण लेखी मागावं. आमच्या निवृत्तांच्या मंडळात मी आता प्रत्येकाला हेच सांगते.

पुढच्या रविवारी पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी: स्वित्झर्लंड आणि ब्रिटनसाठी सिम चालतं का ते वेगळं विचारा. सिंगेन, बाझल, जिनिव्हा अशा सीमेजवळच्या भागात रोमिंग बंद ठेवा, शेजारच्या देशाचं नेटवर्क आपोआप पकडलं जातं. आणि फोटोंचा बॅकअप ‘फक्त वायफायवर’ करून मगच विमानात बसा.

आपली नम्र,
निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली