माळ घातली, बैरागी झालो नाही

सातारा,
नागपंचमी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "बैरागी होतोयस का रे?" म्हणून खो खो हसलास. फोनवर उत्तर द्यायला गेलो की आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितोय.

वारकऱ्याची माळ घातली हे खरं. 58 पूर्ण होऊन रिटायर झालो आणि आळंदी गाठली. महाराजांनी तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून माझ्या गळ्यात घातली, संपलं. काम घटकाभराचं, पण अटी जन्मभराच्या. मांसमच्छी आणि दारू बंद, दोन्ही एकादश्या, रोज हरिपाठ, वर्षातून एकदा तरी पंढरपूर. संसार सोडा असं कोणी म्हणालं नाही. अरणचे सावतोबा, म्हणजे संत सावता माळी, तर मळा सोडून पंढरीलाही गेले नाहीत म्हणतात. तेव्हा बैरागी हा शब्द मागे घे.

खरं सांगू? मी कसला मोठा संकल्पबिंकल्प केला नाही. संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, त्या वेळेला टीव्हीवरची भांडणं आपोआप बुडाली. पहाटे उठायचं म्हणून रात्रीचं जागरण गेलं. शनिवारची बैठक मोडली. ग्लासापुरते होते ते पांगले, दोघे-तिघे अजून चहाला येतात. दिवस असा एकेका नियमाच्या मागे मागे नव्यानं लागत गेला. कपाटातल्या जुन्या फायली मात्र मी होऊन रद्दीत घातल्या. आपल्याशिवाय ऑफिस चालतं, हे त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर कळलं.

यंदा माउलींच्या पालखीबरोबर चाललो. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, बत्तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण आणि नेमकी एकादशी. पोटात साबुदाणा, पायाला फोड. दुसऱ्या दिवशी दिंडीत मला पंगतीत भाकरी वाढायचं काम दिलं. सरकारी सवयीनं मी एकेक मोजून टाकत होतो. आचारी ओरडला, "माउली, हात आखडू नका, तुमच्या घरचं नाही!" अख्खी पंगत हसली. जेवण झाल्यावर एक शेतकरी म्हातारा माझ्या पाया पडला. आयुष्यभर खुर्चीमुळे लोक वाकले, त्याचं काही वाटायचं नाही. इथे जो तो समोरचा कोण हे न विचारता वाकतो, आणि समोरच्यानंही वाकायचंच असतं. माझी कंबर अंमळ उशिरा वाकली. ही गोष्ट मला अजून पचायची आहे.

घरात सगळे माझ्यासारखे झालेत असं समजू नकोस. हिनं माळ घातलेली नाही. रविवारी वेगळ्या तव्यावर सुकट भाजते आणि मुद्दाम खिडकी बंद ठेवते. मी वरणभात खातो. चिरंजीव म्हणतात, बाबांचा हा तात्पुरता उत्साह आहे. असेलही. कार्तिकी वारीला त्यालाच गाडी काढायला लावणार आहे.

गणपतीला मालवणला नक्की येतो. वहिनींना आधीच सांगून ठेव: चातुर्मास आहे, कांदा, लसूण, वांगं चालणार नाही, सोलकढीतही लसूण नको. घावणे कितीही चालतील. आणि तू तुझा बांगडा खुशाल माझ्यासमोर बसून खा, फक्त काटे काढताना प्रवचन देऊ नकोस. आरतीला टाळ मी घेऊन येतो, गेल्या वर्षीचा तुमचा फुटका होता.

तुझा,
अण्णा