श्रेय एकट्या मनमोहनसिंगांचं नाही

महोदय,
रविवारच्या अंकातला १९९१च्या आर्थिक सुधारणांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळं श्रेय तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहनसिंगांच्या खात्यात टाकून पंतप्रधान नरसिंह रावांना एका वाक्यात गुंडाळलंय ते काही पटलं नाही. अर्थशास्त्र सिंगांचं असेल, ते गळी उतरवायचा धूर्तपणा रावांचा. सरकार अल्पमतातलं, परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं, आणि नेहरूंच्या धोरणाला हात लावला की बोंब मारणारे खुद्द पक्षातच. रावांनी उद्योग खातं स्वतःकडेच ठेवलं होतं. मंत्रिमंडळात उद्योग धोरणाचा मसुदा अडला तेव्हा त्याला नेहरू, इंदिरा, राजीव यांचे गोडवे गाणारी प्रस्तावना जोडली, आतला मजकूर जवळपास तोच, आणि झाला की पास! मग २४ जुलैला, म्हणजे बजेटच्याच दिवशी, ते धोरण राज्यमंत्र्यांकरवी संसदेत ठेवलं. १८ उद्योग सोडून बाकीच्यांना सरकारी लायसन्स घ्यायची सक्तीच रद्द, एवढा मोठा निर्णय बजेटच्या गडबडीत निघूनही गेला.

परराष्ट्र धोरणातही तेच. जानेवारी १९९२मध्ये आधी पॅलेस्टाईनचे नेते अराफत दिल्लीत येऊन गेले आणि मग २९ तारखेला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर. बाबरीच्या वेळी हीच गप्प बसायची सवय अंगाशी आली हेही खरं, त्यात त्यांची बाजू घ्यायची नाहीये. पण रामटेकमधून दोनदा निवडून गेलेल्या, अस्खलित मराठी बोलणाऱ्या या माणसाला निदान मराठी पेपरने तरी एवढं थोडक्यात उरकू नये.

- एक वाचक, नागपूर