कॅमेरा बसवा, पण ज्याच्यावर बसवताय त्याला विचारून

मा. संपादक साहेब, स.न.

अमक्या गावात लोकवर्गणीतून कॅमेरे बसले, तमकी चोरी फुटेजवरून उघडकीला आली अशा बातम्या आपल्या पेपरात येतात आणि वाचून बरंच वाटतं, कारण माझं पोटच त्या कामावर आहे, सेलू-जिंतूर भागात कॅमेरे आणि मोटारीचे मोबाईल स्टार्टर बसवतो. पण हे कॅमेरे घरात नि शेतात गेल्यावर माणसामाणसात काय होतंय त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आधी चांगलं सांगतो. रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जावं लागायचं, साप, इंचूकाटा, वर ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायचा. आता सिमवाला स्टार्टर बसवला की घरून मोटर चालू-बंद होते, फेज गेला तर मोबाईलवर कळतं. ह्या वस्तूमुळं कुणाचं कुणाशी बिनसलेलं मी तरी बघितलं नाही, कारण तिची नजर मोटारीवर असते, माणसावर नसते.

बिनसतं ते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर, सोलरचा फोर-जी कॅमेरा बसल्यावर. मालक परभणीला नाहीतर संभाजीनगरला, शेत सालगड्याच्या भरवशावर. मालकासाठी आखाडा म्हणजे खत-अवजारं ठेवायची जागा, पण गड्याचं ते घर असतं हो, बायको तिथंच चूल पेटवते, लेकरं तिथंच झोपतात, न्हाणी म्हणजे चार ताट्या उभ्या केलेल्या. आणि हा कॅमेरा खांबावरून चौफेर फिरतो, रात्रीचं बघतो, त्याला माईक आहे, स्पीकर आहे. एका आखाड्यावर मी मेमरी कार्ड बदलायला गेलो होतो, गडी दारं धरून आला नि बाजेवर टेकला, चहाचा कप तोंडाला लावतोय तेवढ्यात खांबावरून आवाज आला, "काय रं, बसलास का?" बायको पदर सावरत आत गेली. त्यानं कप तसाच खाली ठेवला, वर कॅमेऱ्याकडं बघून मान हलवली आणि परत उसाकडं निघाला. मी निघताना मला म्हणला, "आधी मालक फोन करून इचारायचे, पाणी कुठवर गेलं, बैलानं वैरण खाल्ली का, लेकराचा ताप उतरला का. आता कशाला इचारतील, त्यांला दिसतंय की."

मला वाटतं खरं नुकसान इथंच होतं. बघायला मिळालं की विचारणं बंद होतं, आणि विचारणं बंद झालं की समोरच्याला आपणहून खरं सांगायची जागाच राहत नाही. "मालक, आज अंगात कणकण होती, दोन सऱ्या राहिल्या" असं गड्यानं सांगायचं आणि मालकानं "राहू दे, उद्या कर" म्हणायचं, ह्यातूनच तर वर्षानुवर्षं एकाच मालकाकडं साल करणारे गडी तयार झाले. कॅमेऱ्यात बाजेवर बसलेला गडी दिसतो, पहाटेपासून उसात चिखलात उभा होता ते दिसत नाही. अर्धवट दिसतं आणि मालकाला वाटतं सगळं दिसलं.

घराघरातबी तेच. पोरगं पुण्याला, आई गावाकडं एकटी, पडली-झडली तर कळावं ही काळजी खरी आहे, तिच्यावर माझं काही म्हणणं नाही. पण "आईला सांगू नका, टीव्हीचं काहीतरी आहे म्हणा" असं सांगणारे लेक भेटतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो. कारण आईला आज ना उद्या कळतंच, लेकानं फोनवर "दुपारी घरी कोण आलं होतं?" विचारलं की तिच्या ध्यानात येतं, मग ती शेजारणीशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलायला घराबाहेर पडते, स्वतःच्या घरात गप्प. लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेल्या पोरापोरींचं लोकेशन दिवसभर चालू ठेवायला लावतात, पोरगी मेसवरून मैत्रिणीच्या रूमवर नोट्स आणायला गेली तरी घरून फोन, मग पोरं शिकतात काय तर फोन रूमवर ठेवून बाहेर पडायचं. म्हणजे ज्या अडचणीच्या वेळेसाठी फोन घेऊन दिला त्याच वेळी तो जवळ नाही.

नवरा-बायकोचं तर विचारूच नका. सुप्रीम कोर्टानं 14 जुलै 2025 ला निकाल दिला की जोडीदाराचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या केसमधे पुरावा म्हणून घेता येतं. त्याच निकालात कोर्टानं हेही म्हटलंय की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले म्हणजे नातं आधीच मोडलेलं आहे, विश्वास संपल्याचं ते लक्षण आहे. ह्या दुसऱ्या भागावर घराघरात बोलणं व्हायला पाहिजे होतं.

कायदा बघतोच की म्हणाल तर डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा खाजगी, घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 2017 मधे सांगितलं, आणि बाईला खाजगी क्षणी चोरून बघणं, तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पण लेकानं आईच्या घरात कॅमेरा लावताना तिला विचारलं का हे बघायला कोण पोलीस येणार?

आणि बघणारे फक्त आपणच असतो असं नाही. फेब्रुवारी 2025 मधे राजकोटच्या एका प्रसूती हॉस्पिटलातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज यूट्यूब, टेलिग्रामवर गेलं होतं, पासवर्ड कंपनीनं दिलेलेच, न बदललेले, असे प्रकार पुढं आले. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या रिंग ह्या घरगुती कॅमेऱ्याच्या कंपनीचे कर्मचारीच गिऱ्हाइकांच्या घरातले व्हिडिओ बघत होते अशी केस तिथल्या सरकारी यंत्रणेनं केली आणि 2023 मधे कंपनीनं 58 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. तेव्हा पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला, मी गेलो तरी मलाही सांगू नका.

माझं सगळ्या मालकांना, लेकांना, होस्टेलवाल्यांना हात जोडून सांगणं आहे की बसवायच्या आधी त्या माणसाला विचारा, मोबाईलवर काय काय दिसतं ते त्याला स्वतः बघू द्या, चूल, न्हाणी, झोपायची जागा कॅमेऱ्यात येऊ देऊ नका, माईक बंद ठेवा. अ‍ॅपमधे दुसऱ्याला शेअर करायची सोय असते, ती गड्यालाही द्या, त्याच्याकडंही स्मार्टफोन आहे. उद्या मोटारीची केबल चोरीला गेली तर तोही फुटेज दाखवून सांगू शकेल की मी तिथं नव्हतो, आज तो पुरावा फक्त मालकाच्या खिशात असतो.

पाडव्याला साल ठरताना उचल किती, ज्वारी किती, कपडे किती, सुट्या किती ह्यावर तास तास बोलणी होते. त्याच बैठकीत कॅमेरा कुठं लागणार, कुणाकुणाला दिसणार आणि रात्री बंद राहणार का हेही ठरावं. आपल्या पेपरानं पाडव्याच्या आधी हे छापलं तर गावागावात वाचलं जाईल.

आपला,
कॅमेऱ्याचं काम करणारा एक वाचक
सेलू, जि. परभणी